वर्गणीच्या पावतीआधी पगाराची वही: छोट्या कारखानदारासाठी सामाजिक जबाबदारीच्या पायऱ्या

मंडळाला एकवीस हजारांची वर्गणी हसत देणारा, यात्रेतल्या अन्नदानाच्या फलकावर नाव असलेला आणि त्याच आठवड्यात बारा माणसांचा शनिवारचा पगार मंगळवारवर ढकलणारा मालक कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यात हिशेब लिहिणाऱ्या कुणालाही नवा नाही. माणूस वाईट असतो असंही नाही. वर्गणी मागायला दारात पंधरा पोरं उभी राहतात. पगार मागायला एकटा हेल्पर येतो, तोही मान खाली घालून. ज्याचा आवाज मोठा, त्याचे पैसे आधी सुटतात.

सामाजिक जबाबदारी म्हटलं की आपल्याला दान आठवतं आणि सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा खर्च) म्हटलं की मोठ्या कंपन्या. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार हा खर्च बंधनकारक आहे तो ५०० कोटींची नक्त मत्ता (नेट वर्थ), १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक तरी गाठणाऱ्या कंपन्यांना. त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करायची. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या पंधरा माणसांच्या मशीन शॉपला किंवा चोवीस मागांच्या यंत्रमागधारकाला यातलं काही लागू नाही. पण मोठी कंपनी वर्षाअखेर नफा मोजून दोन टक्के बाजूला काढते, आणि छोट्या मालकाच्या हातून समाजाचं जे बरंवाईट व्हायचं ते त्याआधीच, पगार, उचल, बिलं आणि सांडपाण्यात होऊन गेलेलं असतं. म्हणून वर्गणी मी सगळ्यात शेवटी ठेवली आहे.

पुढच्या पायऱ्या पाच ते तीस माणसांच्या धंद्यासाठी आहेत. क्रम मोडू नका. वरची पायरी कच्ची ठेवून खालची केली तर ती फक्त फोटोपुरती उरते.

पायरी १: एका संध्याकाळी देण्यांची यादी करा

येण्यांची यादी प्रत्येक मालकाला तोंडपाठ असते. देण्यांची कुणीच करत नाही. बँकेचा हप्ता आणि जीएसटी सोडला तर बाकीची देणी 'बघू' या खात्यात असतात. एक कोरी वही घ्या. कामगारांचा थकलेला पगार आणि ओव्हरटाइम, दिवाळीत कबूल केलेला पण अर्धाच दिलेला बोनस, जॉबवर्क (आपल्या मालावरचं एखादं काम बाहेरून) करणाऱ्यांची ४५ दिवसांवर गेलेली बिलं, हमाल, टेम्पोवाला, झाडूवाली मावशी. पैशात न मोजता येणारी देणीही त्याच वहीत: शेजारच्या घरात जाणारा आवाज, गटारात जाणारं तेलकट पाणी, गार्ड काढून ठेवलेलं यंत्र.

ही यादी अकाउंटंटला करायला सांगू नका. त्याच्याकडे बिलं असतात. झाडूवाल्या मावशीचे राहिलेले चारशे रुपये त्याच्या संगणकात नसतात. यादी सुपरवायझरला दाखवा आणि त्याला एकच विचारा, यात काय राहिलं? बहुतेक वेळा तो दोन-तीन गोष्टी सांगतो आणि त्याच सगळ्यात महत्त्वाच्या निघतात.

पायरी २: पगाराची तारीख बांधा

वेतन संहितेप्रमाणे मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा, आणि काम सोडलेल्या किंवा काढलेल्या माणसाचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता व्हायला हवा. ओव्हरटाइमचा दर दुप्पट. आठवड्याचा पगार असेल तर बाजाराच्या आदल्या दिवशी द्या. बाजार झाल्यावर मिळालेल्या पगारात घरात उधारीचा माल येतो.

'पार्टीकडून पैसे आले नाहीत' हे कारण खोटं नसतं, पण ते कामगारापर्यंत पोचू नये यासाठी एक साधी व्यवस्था आहे. मागच्या वर्षाची एकूण विक्री आणि एकूण पगार काढा. पगार विक्रीच्या अठरा टक्के येत असेल, तर बँकेत वेगळं खातं उघडा आणि जमा होणाऱ्या प्रत्येक रकमेचे अठरा टक्के त्याच दिवशी तिकडे वळवा. त्या खात्याचं चेकबुक खिशात ठेवू नका. पहिले दोन-तीन महिने ओढाताण होते, मग खातं एक महिना पुढे चालायला लागतं. पगार वेळेवर देणारे म्हणून ज्यांचं नाव आहे, ते श्रीमंत असतात असं नाही. त्यांनी पगाराचे पैसे कच्च्या मालाच्या पैशांत मिसळू दिलेले नसतात.

किमान वेतन एकदा बघून विसरू नका. महाराष्ट्रात त्यातला महागाईशी जोडलेला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो, म्हणून त्या दोन महिन्यांत आपल्या उद्योगाचा आणि आपल्या परिमंडळाचा आकडा काढून पगारपत्रकाशी ताडून पाहा. प्रत्येकाला पगाराची चिठ्ठी द्या. छापीलच हवी असं नाही, व्हॉट्सॲपवर पाठवली तरी चालेल: हजेरी किती, खाडे किती, ओव्हरटाइम किती, उचल किती कापली, हातात किती. चिठ्ठी मिळायला लागली की महिन्याच्या सुरुवातीची अर्धी कुरबुर बंद होते, कारण तिच्या मुळाशी बऱ्याचदा हिशेब न समजणं असतं.

आणि दोन मस्टर (हजेरीपट) ठेवू नका. ग्राहक कंपनीच्या ऑडिटसाठी एक, खरं दुसरं. मोठ्या कंपन्या आता आपल्या पुरवठादारांकडून पगार, तास, सुरक्षेची माहिती मागतात. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने सूचीबद्ध कंपन्यांपैकी पहिल्या हजारांना असा अहवाल २०२२-२३ पासून सक्तीचा केला आहे, आणि ती विचारणा हळूहळू खालपर्यंत झिरपते आहे. खोटं मस्टर लिहायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात खरं सुधारता येतं.

पायरी ३: उचल

इथं थोडं थांबायला हवं. उचल ही आपल्याकडची सगळ्यात माणुसकीची आणि सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे. बँक ज्याला दारात उभं करत नाही त्याला मालक बहिणीच्या लग्नाला, आईच्या ऑपरेशनला, पावसाळ्याआधी छपराला पैसे देतो. आणि त्याच पैशाने माणूस बांधलाही जातो. ऊसतोडीत कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, मुकादमामार्फत हंगामाआधी उचल मिळते आणि हंगाम संपला तरी ती फिटत नाही. ठाणे-रायगडच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबांची हीच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालली. वेठबिगारी पद्धत १९७६ च्या कायद्याने बंद झाली. कर्ज फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही, ही अट घातली की आपण त्या कायद्याच्या कक्षेत आलो, मग ती अट तोंडी का असेना.

चांगली उचल कशी असावी?

रक्कम जास्तीत जास्त दोन पगारांएवढी. त्यापेक्षा मोठी गरज असेल तर त्याच्यासोबत बँकेत किंवा पतसंस्थेत जा, जामीन राहा, पण स्वतः सावकार होऊ नका. व्याज शून्य. महिन्याची कपात आधी ठरवा आणि ती पगाराच्या पाचव्या हिश्श्यावर नेऊ नका. कायदा सगळ्या कपाती मिळून निम्म्या पगारापर्यंत जाऊ देतो, पण निम्म्या पगारात घर चालत नाही आणि तो माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा उचल मागतो. हे चक्र नेमकं इथंच सुरू होतं.

एक जाड कार्ड करा, शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखं. वर नाव आणि घेतलेली रक्कम, तारीख. खाली रकाने: महिना, कपात, शिल्लक, दोघांच्या सह्या. कार्ड कामगाराकडे राहील, आपल्याकडे त्याचा फोटो. बाबू हेल्परने दहा हजार घेतले, दरमहा दीड हजार कापायचे, तर सहा महिन्यांत नऊ हजार फिटले आणि सातव्या महिन्यात एक हजार राहिले हे त्याला वाचता येत नसलं तरी त्याच्या मुलीला वाचता येतं. शिल्लक शून्य झाली की कार्डावर लाल शाईने 'फिटली' लिहा.

तो मध्येच काम सोडून गेला तर? जाऊ द्या. शेवटच्या हिशेबातून कायदेशीर तेवढं वळतं करून घ्या, उरलेलं बुडालं असं धरा. आधार कार्ड, एटीएम कार्ड, मूळ दाखला, गाडीचं आरसी बुक यातलं काहीही तारण म्हणून ठेवून घेऊ नका. परप्रांतातून आलेल्या कामगारांच्या बाबतीत हे सर्रास होतं, आणि ठेकेदाराने ठेवलं असेल तरी त्याला जबाबदार आपणच. उचलीत वर्षाला काही रक्कम बुडणार हे गृहीत धरून वर्षाच्या सुरुवातीला तिची मर्यादा ठरवा. मालकाने बुडीत उचलीबद्दल गावभर बोलावं आणि ग्राहकाच्या बुडीत बिलाबद्दल गप्प राहावं, हे मला कधीच पटलेलं नाही.

पायरी ४: यंत्रापाशी उभे राहा

पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या यंत्रावर, बोटं का जातात? 'लक्ष नव्हतं' हे उत्तर प्रत्येक अपघाताच्या कागदावर असतं. प्रेसला दोन हातांची बटणं असतात. दोन्ही एकाच वेळी दाबल्याशिवाय रॅम (वरून दाबणारा भाग) खाली येत नाही, म्हणून हात आत राहूच शकत नाही. आता जाऊन बघा, किती प्रेसवर एका बटणात काडी खोचलेली आहे किंवा चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. किती ठिकाणी बटणं काढून पायाचं पॅडल जोडलेलं आहे. ते कुणी केलं? बहुतेक वेळा कामगारानेच. का केलं? कारण नगावर दर आहे किंवा शिफ्टचं टार्गेट आहे, आणि दोन बटणांनी ते होत नाही. म्हणजे बोटं कापणारी गोष्ट दराच्या कागदावर आहे, आणि तो कागद मालकाने लिहिलेला असतो.

म्हणून क्रम असा. आधी दोन्ही बटणं चालू करून एका अनुभवी कारागिराकडून दोन तास काम करून घ्या, किती नग होतात ते मोजा, आणि तोच आकडा टार्गेट ठरवा. मग काड्या काढा. दर तसाच ठेवून काड्या काढल्यात तर दुपारपर्यंत त्या परत आलेल्या असतील. जमलं तर मोठ्या प्रेसला लाइट कर्टन बसवा. मध्ये हात आला की प्रकाशाचा पडदा तुटतो आणि प्रेस थांबते. पट्टे, पुली, गिअर यांवरचे गार्ड परत चढवा आणि ते काढायची चावी फिटरकडेच ठेवा.

हातमोजे सगळ्यांना वाटून सुरक्षा झाली असं समजू नका. फिरत्या यंत्रावर, म्हणजे ड्रिल किंवा लेथवर, हातमोजा घालणं उलट धोक्याचं असतं. मोजा गुंडाळला की हात सोबत जातो. लांब बाह्या, गळ्यातला मफलर, ओढणी यांचंही तेच. पत्र्याच्या धारेला, तापलेल्या कामाला मोजे हवेत. फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, ओतीव भाग घासून साफ करताना (फेटलिंग आणि शॉट ब्लास्टिंग) उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. तिने होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार बरा होत नाही आणि तोंडाला बांधलेला रुमाल ती बारीक धूळ अडवत नाही. धूळ ओढणारी यंत्रणा पहिली, चांगला मास्क त्यानंतर.

अपघात झालाच तर काय करायचं, हे प्रथमोपचार पेटीच्या झाकणावर मराठी-हिंदीत लिहून लावा. बोट तुटलं तर तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकायचं नाही. हे माहीत नसल्यामुळे जोडता येण्यासारखी बोटं वाया जातात. जवळच्या कुठल्या हॉस्पिटलात हाताची शस्त्रक्रिया होते, त्याचा नंबरही तिथेच.

आता विमा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतो, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांसाठी. मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. बारा माणसांचा मिळून पगार १,९२,००० असेल तर मालकाला महिन्याला ६,२४० रुपये पडतात. त्यात कामगाराच्या कुटुंबाचा दवाखाना, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार आणि कामावरच्या अपघातात ९० टक्के दराने भरपाई येते. नाव कामावर घेतल्यापासून दहा दिवसांत नोंदवायचं असतं. वाहन उद्योगाच्या सुट्या भागांच्या कारखान्यांतल्या जखमी कामगारांसोबत काम करणाऱ्या सेफ इन इंडिया या संस्थेला वर्षानुवर्षं एकच गोष्ट दिसत आली आहे: बऱ्याच कामगारांचं ईएसआय कार्ड अपघात झाल्यानंतर निघतं. 'सहा महिने टिकतोय का बघू, मग नाव घालू' हा विचार त्यामागे असतो. पण नव्या हातालाच यंत्राची सवय नसते.

दहापेक्षा कमी माणसं असतील तर विमा कंपनीकडून कामगार भरपाईची पॉलिसी घ्या. बाजारात तिला डब्ल्यूसी पॉलिसी म्हणतात. शिवाय प्रधानमंत्री जीवनज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत (वय १८ ते ५०) आणि सुरक्षा विमा २० रुपयांत (वय १८ ते ७०) मिळतो, दोन्हींची रक्कम प्रत्येकी २ लाख. हप्ता मेअखेर कामगाराच्या खात्यातून आपोआप कापला जातो आणि त्या दिवशी शिल्लक नसेल तर विमा बंद पडतो. मे महिन्यात हातात पडणाऱ्या पगारात ४५६ रुपये वेगळे घाला आणि खात्यातून काढू नको म्हणून बजावा. बारा माणसांचे ५,४७२ रुपये. एका फ्लेक्सच्या आसपासचा खर्च आहे हा.

पायरी ५: आपल्यापेक्षा छोट्याचं बिल

मोठी कंपनी आपले पैसे १२० दिवस अडवते याची तक्रार प्रत्येक औद्योगिक संघटनेच्या बैठकीत होते आणि रास्त असते. त्याच बैठकीतला माणूस आपल्या प्लेटिंगवाल्याला (धातूवर मुलामा देणाऱ्याला), टर्निंग करून देणाऱ्याला, वहिफणीवाल्याला (मागासाठी सूत ओवून देणाऱ्याला) किती दिवस थांबवतो?

२००६ चा एमएसएमई कायदा सांगतो: लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. त्यात करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून आयकरात ४३बी(एच) या कलमाची भर पडली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही आणि ते ३१ मार्चला बाकी राहिलं, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच धरला जातो. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या उत्पादक आणि सेवा देणाऱ्याला हे संरक्षण आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. मार्चमध्ये सगळे सीए आपल्या अशिलांना फोन करतात ते यासाठी.

कायद्याची भीती बाजूला ठेवून हिशेब बघा. प्लेटिंगवाल्याचे ८०,००० रुपये १२० दिवस अडवले. ४५ दिवसांनंतरचे अडीच महिने त्याने दरमहा शेकडा तीनने बाहेरून पैसे उचलले तर ६,००० रुपये व्याज गेलं. ते कुठून येणार? त्याच्या तीन माणसांच्या पगारातून, नाहीतर ॲसिडचं पाणी प्रक्रिया न करता सोडून. आपण अडवलेले पैसे शेवटी गटारात दिसतात.

करायचं असं: उद्यम नोंदणी नसलेल्या आपल्या छोट्या जॉबवर्करला ती काढून द्या (ऑनलाइन आणि फुकट असते). बिल आलं त्या दिवशी बिलावर देय तारीख पेनाने लिहा. दर पंधरवड्याला रक्कम छोटी असलेली बिलं आधी फेडा. पाच हजारांचं बिल आपल्यासाठी किरकोळ असतं म्हणूनच ते राहून जातं.

पायरी ६: पाणी, तेल, वाळू

पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि त्याआधी कोल्हापूर-इचलकरंजीचं सगळं पोटात घेते. खाली शिरोळ तालुक्यातली गावं तेच पाणी पितात आणि शेताला देतात. आपला कारखाना त्यात किती भर घालतो हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. एका सकाळी ड्रेनेजचं झाकण उघडायचं आणि पाणी कुठं जातं ते शेवटपर्यंत चालत जाऊन बघायचं. पुष्कळ मालकांनी हे अंतर कधीच चाललेलं नसतं.

प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र कपाटातून काढून वाचा. त्यात किती पाणी, किती कचरा, कुठे पाठवायचा हे लिहिलेलं असतं. वापरलेलं तेल, कूलंट (यंत्र थंड ठेवायचं द्रव) आणि तेलकट चिंध्या हा घातक कचरा आहे. भंगारवाल्याला दिला की संपलं असं नसतं, तो अधिकृत पुनर्वापरकर्त्याकडे किंवा सामायिक केंद्रावर जायला हवा. टँकरने सांडपाणी पाठवत असाल तर पोच पावती मागा. पावती न देणारा टँकर रात्री कुठे मोकळा होतो हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. फौंड्रीची जळालेली वाळू रस्त्याकडेला टाकण्यापेक्षा चार-पाच फौंड्रींनी मिळून ती पुन्हा वापरात आणण्याची सोय पाहावी; एकट्याला न परवडणारं यंत्र गटाला परवडतं. फरसाण, वडापावच्या धंद्यात असाल तर तुमची नदी म्हणजे कढई: तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे त्यातले 'एकूण ध्रुवीय घटक' २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही, हा नियम जुलै २०१८ पासून आहे. ते जळकं तेल स्वस्तात घेऊन जाणाऱ्या छोट्या गाड्यावाल्याला विकू नका.

पायरी ७: पोरं आणि बायका

चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवायचं नाही, चौदा ते अठराला धोक्याच्या कामावर नाही. शाळेनंतर घरच्या धंद्यात हात लावायला मुभा आहे, पण कामगाराचं मूल हे आपलं घरचं मूल नव्हे. इथवर सगळ्यांना ठाऊक आहे. अवघड भाग त्यापुढचा.

पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये जगभरचे फुटबॉल हाताने शिवले जात, घराघरांत, मुलांकडूनही. बोभाटा झाल्यावर १९९७ मध्ये अटलांटा इथं करार झाला आणि शिलाई घरातून हलवून तपासणी होणाऱ्या केंद्रांत नेली. मुलं हटली, पण घर सोडून केंद्रावर जाऊ न शकणाऱ्या बायकांच्या हातचं कामही गेलं आणि तेवढी कमाई घरातून कमी झाली. आपल्याकडे गाळ्यावरच्या 'छोटू'ला रेड पडायच्या भीतीने एका रात्रीत हाकलतात, तो दुसऱ्या दिवशी पुढच्या गल्लीत भांडी घासतो. त्याला काढायचंच आहे, पण आधी त्याच्या घरी जा. आई किंवा मोठा भाऊ कामाला येऊ शकतो का ते बघा, पोराला शाळेत नाव घालून द्या आणि त्याची तेवढी कमाई सहा महिने तुम्ही भरा. ही रक्कम वर्गणीच्या पावतीपेक्षा मोठी नसते.

बायकांच्या बाबतीत दोन गोष्टी आजच तपासा. पॅकिंगमधल्या बायकांचा दर त्याच टेबलावरच्या पुरुषापेक्षा कमी आहे का? असेल तर पुढच्या पगारापासून सारखा करा. आणि संडासाला आतून कडी, पाणी आणि दिवा आहे का? दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती लागते. त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, तिचा पत्ता भिंतीवर लावा. मालकाविरुद्धची तक्रारही तिथेच जाते. फलक लावताना हात अडखळतो तो त्यामुळेच.

पायरी ८: पूर येणार आहे असं धरून चाला

ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. पन्नासपेक्षा कमी माणसांच्या कारखान्याला ले-ऑफची (काम तात्पुरतं बंद ठेवल्याची) भरपाई देणं कायद्याने बंधनकारक नाही, त्यामुळे छोट्या कारखान्यातला माणूस घरात पाणी शिरलेलं असताना पगारालाही मुकतो. दरमहा एका दिवसाच्या पगाराएवढी रक्कम बाजूला टाका. पायरी ४ मधल्या बारा माणसांच्या उदाहरणात ती, महिन्याला २६ दिवस धरून, सुमारे ७,४०० रुपये होते. वर्षाला बारा दिवसांचा पगार जमतो, म्हणजे अर्ध्या पगाराने चोवीस दिवस निभावतात. फायर पॉलिसीत पुराचं संरक्षण आहे का ते पावसाळ्याआधी वाचून घ्या. आणि कुणाची घरं पूररेषेत आहेत, गोठा आहे का, याची यादी जूनमध्येच सुपरवायझरकडे असू द्या. पाणी चढताना टेम्पो आधी कुणाकडे पाठवायचा याचा वाद तेव्हा घालायला वेळ नसतो.

पायरी ९: आता वर्गणी

इथवरच्या पायऱ्या झाल्या, पगाराचं खातं एक महिना पुढे आहे, ४५ दिवसांवरचं एकही बिल नाही. आता द्या. नफ्याच्या किती टक्के द्यायचं ते एप्रिलमध्ये ठरवा आणि वहीत लिहा. मग दारात आलेल्या पंधरा पोरांना 'यंदाचं संपलं' म्हणता येतं, आणि ते खरंही असतं. यातून वैर येत नाही. रक्कम दरवर्षी मनाला येईल तशी बदलली की येतं.

माझा कल रोख देणगीपेक्षा आपल्या धंद्याला जे येतं ते देण्याकडे आहे. मशीन शॉपवाल्याने आयटीआयची दोन मुलं शिकाऊ म्हणून घ्यावीत. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे, तीसपासून सक्तीचं. शिकाऊ उमेदवारांच्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाच्या २५ टक्के, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, सरकार देतं. पण शिकाऊ म्हणजे स्वस्त हेल्पर नव्हे. त्याला वर्षभर झाडू मारायला लावणार असाल तर घेऊच नका. महिन्याला एक यंत्र, एक काम, असा तक्ता करून त्यावर फोरमनची सही घ्या. वेल्डरने शाळेची मोडकी बाकं दुरुस्त करावीत, छापखानेवाल्याने शाळेच्या उत्तरपत्रिका छापून द्याव्यात.

रोख द्यायचीच असेल तर संस्थेची ८०जी नोंदणी (देणगीवर आयकर सवलत देणारी) बघून चेकने किंवा ऑनलाइन द्या. दोन हजारांवरची रोख देणगी त्या सवलतीत धरत नाहीत. आणि कामगारांच्या पगारातून परस्पर वर्गणी कापून ती कारखान्याच्या नावाने देऊ नका. ज्याला द्यायची असेल तो त्याच्या नावाने देईल, पावतीही त्याच्याच नावाने फाडा.